मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करताना: खानदेशातील नवख्या संगणकधारकांसाठी

प्रोसेसर नवा बसवला, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये पाचोऱ्याचे असतात, शहाद्याचे असतात, जळगावातले तर असतातच. कुणी गोलाणी मार्केटमधून, कुणी पुण्याला शिकणाऱ्या भावाच्या हाती वापरलेला पण चांगला प्रोसेसर आणलेला असतो. घरच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये तो नीट बसतो आणि तरीही संगणक सुरू होत नाही. अशा वेळी बहुधा प्रोसेसरही ठीक असतो आणि बोर्डही. बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम मात्र तो प्रोसेसर बाजारात येण्याआधी लिहिलेला असतो, त्यामुळे सॉकेटमध्ये काय बसले आहे हे त्याला ओळखता येत नाही.

या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांतील बोर्डांवर त्याचे शास्त्रशुद्ध नाव यूईएफआय असे आहे, पण दुकानात आणि घरात सगळे त्याला बायोसच म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे. तुरीच्या दाण्याएवढ्या, आठ पायांच्या एका चिपमध्ये ते राहते आणि त्या चिपची क्षमता बहुतेक बोर्डांवर १६ किंवा ३२ मेगाबाइट इतकीच असते. बटण दाबल्यावर विंडोज सुरू होण्याच्या आधी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांना ओळखून जागे करणे हे त्याचे काम आहे. बायोस अद्ययावत करणे म्हणजे ही चिप पुसून तिच्यावर नवा मजकूर लिहिणे. या कामाला पाच ते दहा मिनिटे लागतात. पण त्या मिनिटांत वीज गेली तर चिप अर्धी पुसलेली आणि अर्धी लिहिलेली राहते, आणि संगणकाला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. म्हणून या लेखातला मोठा भाग त्या पाच मिनिटांच्या आधी काय करावे यासाठी खर्च केला आहे.

आधी कारण तपासावे

संगणक हळू चालतो म्हणून बायोस बदलू नये. त्याने वेग वाढत नाही; त्यासाठी एसएसडी आणि रॅम पाहावी. बायोस बदलण्याची खरी कारणे मोजकी आहेत. पहिले कारण वर आलेच: बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा. बी४५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) बोर्ड २०१८ मध्ये आले आणि एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांची रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस आली, त्यामुळे सुरुवातीच्या बी४५० बोर्डांवर हे प्रोसेसर नव्या बायोसशिवाय चालत नाहीत. इंटेलच्या बाजूला एच६१० आणि बी६६० हे बोर्ड बाराव्या पिढीसाठी आले होते. त्यांवर तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा असेल तर तीच गोष्ट लागू होते.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत तातडीचे आहे आणि त्याची माहिती आपल्या भागात फार कमी लोकांना आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉपच्या ताकदवान प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेज मागितले गेल्यामुळे ते कालांतराने झिजतात आणि संगणक वारंवार बंद पडू लागतो, असा दोष आढळला. त्यावरचे दुरुस्त मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतील कामकाज ठरवणाऱ्या सूचना, ऑगस्ट २०२४ पासून बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून देण्यात आले. झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. न झिजलेला वाचतो. आय७ किंवा आय९ वर्गातील असा प्रोसेसर ज्यांच्याकडे आहे आणि बोर्डाचे बायोस त्याआधीचे आहे, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

तिसरे कारण सुरक्षेचे. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल या नावाने ओळखला गेलेला दोष उघड झाला. संगणक सुरू होताना दिसणारे कंपनीचे चित्र वाचणाऱ्या भागातच तो होता आणि अनेक कंपन्यांच्या बोर्डांना त्याची झळ लागली. अशा दुरुस्त्या विंडोजच्या अपडेटमधून आपोआप येतीलच असे नाही. विंडोज ११ साठी लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) मात्र बऱ्याच बोर्डांवर आधीपासूनच असते आणि फक्त बायोसच्या सेटिंगमध्ये चालू करावे लागते; तेवढ्यासाठी चिप पुसायची गरज नाही.

बोर्ड नेमका कोणता आहे

स्टार्ट मेनूमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन शोधून उघडावे. त्यात बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर, बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायोस व्हर्जन अशा ओळी दिसतात; त्या कागदावर उतरवून घ्याव्यात. मग संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेटचे झाकण उघडावे आणि बोर्डावर छापलेले नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. हा त्रास घेण्याचे कारण असे की एकाच नावाच्या बोर्डाच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघतात. गिगाबाइटचा बी४५०एम डीएस३एच आणि त्याच नावापुढे व्ही२ लावलेला बोर्ड हे दोन वेगळे बोर्ड आहेत आणि त्यांच्या बायोस फाइली एकमेकांना चालत नाहीत. या कंपनीच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत रेव्हिजनचा आकडाही छापलेला असतो. वाऱ्याबरोबर येणारी आपल्याकडची बारीक धूळ त्या अक्षरांवर बसलेली असते, तेव्हा कोरड्या मऊ ब्रशने ती झटकावी आणि मोबाइलने फोटो काढून ठेवावा.

फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट विभागातूनच घ्यावी. कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेली किंवा ड्रायव्हर गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची फाइल घेऊ नये, मग ती नावाने कितीही बरोबर दिसो. प्रत्येक आवृत्तीखाली दोन-चार ओळींची टीप असते आणि ती शेवटपर्यंत वाचणे आवश्यक आहे, कारण काही वेळा जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनतम आवृत्तीवर जाता येत नाही, मध्ये एक ठरावीक आवृत्ती घालावी लागते. काही आवृत्त्या घातल्यावर मागे फिरता येत नाही. आणि काही नव्या आवृत्त्या फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकतात. १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, त्याला इलाज नाही. बीटा असे लिहिलेली आवृत्ती नवख्याने टाळावी, जोपर्यंत त्याच्या प्रोसेसरसाठी तीच एक उपलब्ध नसेल.

विजेची खात्री

येथे मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये या विषयाला एखादी ओळ मिळते आणि ती ओळ आपल्या गावांना पुरत नाही. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, पण वीज तयार होण्याचा आणि ती आपल्या घरच्या सॉकेटपर्यंत न थरथरता येण्याचा संबंध थोडाच असतो. वैशाखात दुपारनंतर वावटळ उठते, लिंबाची फांदी तारेला टेकते आणि दिवा क्षणभर लवून पुन्हा लागतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात तर आणखी एक प्रकार आहे: थ्री-फेज आले की विहिरींवरच्या ऑटो स्टार्टर लावलेल्या मोटारी जवळपास एकदमच सुरू होतात आणि त्याच रोहित्रावर घर असेल तर व्होल्टेज खाली बसते. घरातील माणसाला पंख्याचा आवाज बदलला एवढेच जाणवते. बायोस लिहिले जात असताना मात्र तेवढेही पुरे होते.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यात एका केळी व्यापाऱ्याच्या कचेरीत मी बायोस बदलायला बसलो होतो. इन्व्हर्टर होता, दोनशे ॲम्पिअर-अवरची नवी बॅटरी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली असताना बाहेर वारा सुटला, ट्यूबलाइट एकदा लवली, इन्व्हर्टरने टक् असा आवाज करून भार उचलला आणि दिवा विझलादेखील नाही. संगणक मात्र तेवढ्यात रीस्टार्ट झाला होता आणि त्यानंतर त्याच्यावर काहीच दिसेना. वजनकाट्याच्या पावत्या त्याच संगणकावर निघत होत्या आणि अंगणात केळीने भरलेले ट्रक उभे होते.

काय झाले होते ते नंतर नीट समजले. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक कळ असते. तिला एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको, नॉर्मल किंवा होम असे नाव असते. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बरीच खाली उतरलेली वीजही, कधी १०० व्होल्टच्या आसपासची, तशीच पुढे जाऊ देतो आणि भार उचलायला वेळ लावतो. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली वीज गेली की तो लगेच बॅटरीवर येतो. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, वीज नसताना स्वतःच्या कपॅसिटरवर किती तग धरतो, तर पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद. त्या कचेरीतला इन्व्हर्टर साध्या मोडवर होता, आणि तो मोड न पाहता बसलो ही माझी चूक होती.

तेव्हा पहिली पसंती संगणकासाठीच्या वेगळ्या यूपीएसला द्यावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही चालतो, मात्र त्याची बॅटरी जिवंत हवी. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी दिवा हिरवा दाखवते आणि वीज गेल्यावर अर्ध्या मिनिटात मान टाकते. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उष्णतेने या बॅटऱ्या लवकर संपतात. म्हणून यूपीएसची परीक्षा आदल्या दिवशी घ्यावी आणि ती अशी: संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ२ कळ दाबून बायोसच्या पडद्यावर जावे आणि तिथेच थांबावे. विंडोज उघडलेले नसल्यामुळे या अवस्थेत संगणक अचानक बंद पडला तरी कोणत्याही फाइलीला धक्का लागत नाही. आता यूपीएस ज्या सॉकेटवर आहे ते बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. संगणक पंधरा मिनिटे तसाच चालू राहिला तर यूपीएस कामाला पात्र आहे. पाच मिनिटांतच त्याने सतत शिटी वाजवायला सुरुवात केली तर आधी बॅटरी बदलावी. इन्व्हर्टरवर काम करायचे असेल तर कळ यूपीएस मोडवर ठेवून हीच परीक्षा घ्यावी आणि बटण एकदा नव्हे, पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहावे. परीक्षा संपली की बॅटरी पुन्हा पूर्ण भरू द्यावी.

वेळ निवडताना महावितरणने देखभालीसाठी कळवलेला बंद आणि थ्री-फेजची वेळ पाहून घ्यावी. मला पहाटे सहा ते आठ ही वेळ आवडते. वारा नसतो, खोली थंड असते आणि घरातही कुणी मिक्सर लावलेला नसतो.

सेटिंग्ज आणि किल्ली

बायोस बदलले की त्यातील बहुतेक सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलने फोटो काढावेत. विशेषतः बूट मोड, सिक्युअर बूट, रॅमला जास्त गतीवर चालवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो, व्हर्च्युअलायझेशन आणि डिस्कचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा इंटेलचे व्हीएमडी. डिस्कचा मोड बदलला गेला तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते आणि नवख्या माणसाला वाटते की सगळा डेटा गेला. ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे प्रोसेसरची गती मूळपेक्षा वाढवलेली असेल तर आधी ते काढून संगणक मूळ गतीवर आणावा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये न चुकता पाहावे. नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की ते आपोआप चालू झालेले असू शकते. बायोस बदलल्यावर टीपीएमला बदल जाणवतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती कोणाकडेच नसेल तर डिस्कवरचे फोटो, हिशेब, प्रकल्प सगळे कायमचे कुलूपबंद राहते. तेथे कोणताही कारागीर काही करू शकत नाही. म्हणून ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहावी, आणि बिटलॉकरला सस्पेंड करावे. केवळ डिव्हाइस एन्क्रिप्शन असेल तर ते बंद करून, डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबून मगच पुढे जावे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, हे सांगायला नको.

प्रत्यक्ष काम

आठ किंवा सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा आणि तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. उतरवलेली फाइल बहुधा झिप असते. ती उघडून आतली बायोस फाइल पेनड्राइव्हवर थेट, कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता, कॉपी करावी. झिप तशीच टाकल्यामुळे बोर्डाला फाइल सापडत नाही, ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. विंडोजमधून बायोस बदलणारे प्रोग्रॅमही कंपन्या देतात, पण विंडोज मध्येच अडकले तर लिहिणेही अडकते, म्हणून मी ते वापरत नाही आणि इतरांनाही सुचवत नाही.

संगणक बंद करून पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या, थेट बोर्डावर असलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा. बायोसच्या पडद्यावर जाऊन त्यातील फ्लॅश करण्याचे साधन उघडावे. असूसवर त्याचे नाव ईझेड फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश आणि एएसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश असे आहे. फाइल निवडल्यावर पडद्यावर सध्याची आणि नवी आवृत्ती, तारीख आणि बोर्डाचे नाव दाखवले जाते. येथे थांबून कागदावरच्या नोंदीशी एकेक अक्षर ताडून पाहावे. साधन फाइल नाकारत असेल तर ती फाइल त्या बोर्डाची नाही असे धरून चालावे आणि जबरदस्तीचा कोणताही मार्ग शोधू नये.

होकार दिल्यावर हात मागे घ्यावेत. पट्टी एखाद्या आकड्यावर मिनिटभर थांबू शकते. नंतर संगणक स्वतः दोन-तीन वेळा बंद होऊन सुरू होतो, आणि डीडीआर५ रॅम असेल तर रॅमची जुळणी नव्याने होत असताना पडदा कित्येक मिनिटे काळा राहतो. याच वेळी घाबरून बटण दाबून लोक चांगले चाललेले काम बिघडवतात. घड्याळात पाहून किमान पंधरा मिनिटे थांबावे.

डिस्प्लेच येत नसेल तर

लेखाच्या सुरुवातीच्या मुलांची अडचण अशी असते की बायोसच्या पडद्यापर्यंतच पोहोचता येत नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅक, फ्लॅश बायोस किंवा क्यू-फ्लॅश प्लस असे लिहिलेले छोटे बटण असेल तर ही अडचण सुटते, कारण ते प्रोसेसर आणि रॅम यांच्याशिवायही काम करते. एसएमपीएसची बोर्डाला आणि प्रोसेसरला जाणारी वायर जोडलेली व मागचे बटण चालू असावे, पण संगणक सुरू केलेला नसावा. फाइलीचे नाव मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच रोमन अक्षरांत बदलावे. एमएसआयला एमएसआय डॉट रॉम आणि गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन असे नाव लागते. पेनड्राइव्ह खूण केलेल्या त्याच एका पोर्टमध्ये लावून बटण तीनेक सेकंद दाबले की दिवा लुकलुकू लागतो. तो थांबेपर्यंत काही करू नये. ज्या बोर्डाला हे बटण नाही, त्यासाठी दुकानदाराकडून जुना, बोर्डाला ओळखीचा प्रोसेसर तासाभरासाठी मागून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

झाल्यावर

प्रथम ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट निवडून सेव्ह करावे, मग फोटो समोर ठेवून डिस्कचा मोड आणि बूट मोड पूर्वीसारखे करावेत. एक्सएमपी लगेच चालू न करता एखादा दिवस संगणक साध्या गतीवर वापरून पाहावा. बिटलॉकर पुन्हा चालू करावे.

बोर्ड उठतच नसेल तर

वीज पूर्ण बंद करून बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटन सेल पाच मिनिटे काढून ठेवावा आणि पुन्हा बसवावा. सेटिंग्जच्या गोंधळामुळे अडलेला बोर्ड एवढ्याने सुरू होतो. फ्लॅशबॅकचे बटण असेल तर त्याने पुन्हा लिहून पाहावे. दोन बायोस चिप असलेले बोर्डही आहेत. त्यांवर दुसरी चिप कशी चालू करायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

यातले काहीच लागू पडले नाही तरी बोर्ड फेकू नये. चिपवर बाहेरून प्रोग्रॅमर लावून मजकूर लिहिता येतो आणि हे काम करणारे कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतात. काही बोर्डांची चिप ३.३ व्होल्टची तर काहींची १.८ व्होल्टची असते, आणि चुकीच्या व्होल्टेजने ती जळू शकते, म्हणून स्वस्तातला प्रोग्रॅमर मागवून पहिला प्रयोग आपल्याच बोर्डावर करू नये. कारागिराकडे जाताना बोर्डाच्या नावाचा व रेव्हिजनचा फोटो आणि कंपनीची फाइल असलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा, आणि लिहिण्याआधी जुन्या चिपची प्रत काढून ठेवायला त्यांना आवर्जून सांगावे, कारण अनेक बोर्डांचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा मॅक पत्ता त्याच चिपमध्ये असतो. रावेरच्या त्या कचेरीचा बोर्ड मी दुसऱ्या दिवशी जळगावला आणला आणि याच पद्धतीने तो सुरू झाला. परत नेऊन बसवला तेव्हा सर्वांत आधी इन्व्हर्टरची कळ यूपीएसकडे सरकवली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली.